नाशिकहून भंडारदरा: एका दिवसात, आजीसकट

पहिल्यांदा आम्ही भंडारदऱ्याला गेलो तेव्हा सकाळी साडेनऊला घरातून निघालो आणि धरण सोडून बाकी सगळं पाहिलं. रविवार होता, ऑगस्ट होता. जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या घाटघरच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली, तीत दोन तास गेले. धाकटीने बारी घाटाच्या वळणांवरच सकाळचे पोहे परत केले होते, आता आईला बाथरूमला जायचं होतं आणि दोन्ही बाजूंना फक्त धुकं आणि भाताची खाचरं. धरणाजवळच्या शेंडी गावात परत आलो तेव्हा अंधारलं होतं. "धरण कुठंय?" असं थोरल्याने विचारलं, मी काळोखाकडे बोट दाखवलं.

त्यानंतर पाच-सहा वेळा गेलो. आता माझी पद्धत ठरलेली आहे. भंडारदऱ्यात बघण्यासारखं दोन दिवस पुरेल इतकं आहे आणि आपल्याकडे दिवस एकच असतो. म्हणून काय सोडायचं ते आदल्या रात्री ठरवायचं. रस्त्यात ठरवायला गेलं की गाडीतला प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कधी जायचं, ते घरातल्या माणसांवर

सगळे पावसाळ्यात धावतात. जूनअखेर ते ऑगस्ट म्हणजे धबधबे, धुकं, भिजलेली भजी. मुलं मोठी असतील आणि घरात गुडघेदुखीवालं कुणी नसेल तर जरूर जा, पण जमल्यास आडवारी. शनिवार-रविवारी मुंबई, पुणे आणि नाशिक ही तिन्ही शहरं एकाच अरुंद रस्त्यावर उतरतात.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर माझं मत सरळ आहे: सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर. धरण भरलेलं असतं, पाऊस सरींवर आलेला असतो, माळावर सोनकी पिवळी पसरते, भात पोटरीत असतो. धबधबे बारीक होतात खरे, पण डोंगर दिसतात. जुलैत डोंगर असल्याचं फक्त ऐकून असतो आपण. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ, थंडी कडक, आणि सकाळच्या निवांत पाण्यात रतनगडाचं प्रतिबिंब. मुलांना धबधबा हवा असेल तर ती तेव्हा कंटाळतात.

काजव्यांसाठी मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा लोक येतात. ते बघायला रात्र लागते, म्हणजे मुक्काम लागतो. लहान मुलं घेऊन, काजवे बघून, रात्री अकराला घाटातून परतायचं असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. पाणीही तेव्हा तळाला गेलेलं असतं.

आदल्या दिवशी पाण्याची बातमी वाचायची

हे फार कमी लोक करतात. पावसाळ्यात नगर-नाशिककडच्या वर्तमानपत्रांत रोज दोन ओळींची बातमी असते: भंडारदऱ्याचा साठा इतके दलघफू, विसर्ग इतके क्युसेक, आणि पुढे घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी इथला चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये. तुमच्या सहलीचा अर्धा बेत या दोन ओळींत असतो.

दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. भंडारदऱ्याची एकूण क्षमता 11,039 दलघफू, म्हणजे साधारण 11 टीएमसी (अब्ज घनफूट). साठा दहा हजारांच्या वर गेला की धरण काठोकाठ दिसणार. पाच हजारांवर असेल तर काठावर लाल मातीचा रुंद पट्टा दिसेल आणि फोटो मनासारखे येणार नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, जवळपास 28 लिटर. एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा: साडेअकरा हजार क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिलं की एक टीएमसी संपतं. सांडव्यावरून मोठा विसर्ग चालू असल्याची बातमी असेल तर खालच्या अंगाला, नदीच्या पात्राजवळ आणि रंधा धबधब्याकडे गर्दीही असते आणि धोकाही. पाणी वाढवण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा देतात, पण आपण पाहुणे, आपल्याला तो कळेलच असं नाही.

पावसाच्या आकड्यासाठी माझा घरगुती नियम असा: घाटघरला आदल्या दिवशी दीडशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला असेल तर जलाशयाची फेरी रद्द, फक्त शेंडी आणि धरण. घाटघरला उगाच नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणत नाहीत. शिवाय पावसाळ्यात गर्दीच्या ठिकाणी प्रशासन अधूनमधून बंदीचे आदेश काढतं. तेही त्याच पानावर छापून येतं. निघण्याआधी एकदा बघा, नाहीतर नाक्यावरून परत फिरावं लागतं.

गाडी

हवा आणि टायर आधी. टायरच्या खाचा किमान 1.6 मिलिमीटर असाव्यात असा नियम आहे. खाचेत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला असेल तर ओल्या घाटात तो टायर नको. स्टेपनीची हवा बघा. ती बघायची आठवण नेहमी स्टेपनी लागल्यावरच होते. वायपरच्या रबराला तडे गेले असतील तर दोनेकशे रुपयांत बदलून टाका. पाणी मारायच्या टाकीत पाणी भरा, कारण पुढच्या ट्रकचा चिखल नुसत्या वायपरने जात नाही, तो आणखी पसरतो.

पेट्रोल नाशिकला किंवा घोटीला भरून घ्या. पुढे मिळेल या भरवशावर राहू नका. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का तेही बघून ठेवा.

नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. शेंडीच्या पुढे रेंज येते-जाते, आणि रतनवाडी-साम्रदच्या बाजूला बहुतेक जातेच. दोन फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर एकाला तरी कुठे तरी काडी दिसते.

काय घ्यायचं

यादी मोठी करणार नाही, कारण यादी मोठी झाली की डिकी भरते आणि हवी ती पिशवी सगळ्यात खाली जाते. प्रत्येकाचा एक सुका जोड, आतल्या कपड्यांसकट, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, नाव लिहून. त्याच पिशवीत नंतर ओले कपडे. दोन जुने टॉवेल. रेनकोट हवेतच, छत्रीचा उपयोग नाही: घाटघरच्या कड्यावर वारा खालून वर येतो आणि छत्री उलटी होऊन हातात काड्या राहतात.

आईसाठी एक घडीची प्लास्टिकची खुर्ची. ही माझ्या बायकोची सूचना, आणि सगळ्या सामानातली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच ठरली. म्हाताऱ्या माणसाला धबधब्यापर्यंत जायचं नसतं, धबधबा दिसेल असं बसायचं असतं.

सुटे पैसे. दहा, वीस, पन्नासच्या नोटा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाच्या नाक्यावर माणशी आणि गाडीचं प्रवेश शुल्क भरावं लागतं, आणि रेंज नसली की फोनवरून पैसे देण्याचा प्रश्नच मिटतो. पावती जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर विचारतात. दारूची बाटली सापडली तर जप्त होते आणि ते योग्यच आहे.

गाडी लागणाऱ्यांसाठी: पोटभर नाश्ता निघायच्या आधी नको, रिकाम्या पोटीही नको. दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी. ज्याला लागते त्याला शक्यतो मधल्या सीटवर, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा, हातात मोबाइल देऊ नका. आलेपाकाची वडी आमच्याकडे चालते. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी अर्धा तास. वळण सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच येते. दोन-तीन पिशव्या पुढच्या सीटच्या खणात, डिकीत नव्हे.

पहाटे पावणेसहा

सहाच्या आत नाशिक सोडायचं. याला पर्याय मी शोधून पाहिला, नाही. विल्होळी, वाडीवऱ्हे करत मुंबई-आग्रा महामार्गाने घोटी साधारण 35 किलोमीटर. घोटीला चहा, नाश्ता आणि सगळ्यांना आग्रहाने बाथरूमला पाठवणं. "मला नाही लागली" हे उत्तर मान्य करू नका, विशेषतः बायका आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत. पुढे खात्रीची सोय शेंडीलाच, आणि तीही एखाद्या हॉटेलात चहा घेऊन विचारलं तर.

मुंबईहून येणाऱ्यांना आता समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमण्याहून इगतपुरीपर्यंत कसारा घाट टाळून येता येतं. हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला. तरीही मुंबईहून एका दिवसात जाऊन येणं म्हातारी माणसं बरोबर असताना मला जड वाटतं. पुण्याहून तर मुक्कामच करा. संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता चांगला आहे, पण लांब आहे.

घोटीत महामार्ग सोडून डावीकडे वळलं की रस्ता दुपदरी होतो आणि डोंगर जवळ येतात. उजव्या हाताला अलंग, मदन, कुलंग ही तिन्ही भावंडं, आणि पुढे कळसूबाई: 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. बारी हे तिच्या पायथ्याचं गाव. आज शिखर चढायचं नाही हे गाडीतल्या तरुणांना इथेच सांगून टाका. "फक्त पहिल्या शिडीपर्यंत" म्हणून गेलेली माणसं चार तासांनी परत येतात.

बारीच्या आसपास धुकं लागतं. दिवे खाली ठेवा, वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची पद्धत पडली आहे, ती चुकीची आहे: मागच्याला तुम्ही उभे आहात की चालताय की वळताय काहीच कळत नाही. काचा आतून धुरकट झाल्या तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा. आणि वळणावर हॉर्न. त्या वळणाच्या पलीकडे म्हशी असतात.

वारंघुशी फाट्यावरून शेंडीकडे वळायचं. घोटीपासून शेंडी साधारण 35 किलोमीटर. सात पावणेआठला पोचलात तर गाडी कुठे लावू असा प्रश्न पडत नाही. दहाला पोचलात तर दुसरा प्रश्नच पडत नाही.

आधी धरण

शेंडी हे धरणाच्या कुशीतलं गाव. इथे पोचल्याबरोबर एक काम करा: दुपारचं जेवण सांगून ठेवा. किती माणसं, शाकाहारी किती, किती वाजता. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आमटी-भात, खुरसणीची चटणी मागा. गावातल्या खाणावळीत हे सांगून ठेवलं तर ताजं मिळतं, न सांगता दीड वाजता गेलात तर पनीरची कुठलीही भाजी मिळते. ताटात येणारा तांदूळ कुठला ते विचारा. अकोले तालुका देशी वाणांसाठी ओळखला जातो. बीजमाता म्हणून गौरवल्या गेलेल्या, पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. काळभात मिळाला तर एक मूठभर भात जास्त घ्या.

मग धरण. प्रवरा नदीवरची ही दगडी भिंत 1910 मध्ये बांधायला घेतली आणि 1926 मध्ये पुरी झाली. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून विल्सन डॅम. जलाशयाला जुन्या पाट्यांवर आर्थर लेक असंही नाव दिसेल. इंग्रजांविरुद्ध लढून 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. हे मुलांना सांगायची जागा हीच, कारण पाट्यांवर ती सगळी साहेबांची नावं वाचून थोरल्याने मला विचारलं होतं, "इथले लोक काय करत होते?"

भिंतीची उंची 82 मीटर, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मजली इमारत. मुलांना विचारा: भिंत वर अरुंद आणि खाली इतकी जाड का? पाणी जितकं खोल तितका त्याचा रेटा जास्त, आणि ही भिंत केवळ स्वतःच्या वजनावर तो रेटा अडवून उभी आहे. प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली तीन भोकं पाडून हे दाखवता येतं, सगळ्यात खालची धार सगळ्यात जोरात निघते. आमच्या धाकटीने ही बाटली पूर्ण दिवस सोडली नाही आणि गाडीतही प्रयोग केला. तेव्हा बाटली गाडीबाहेर.

भिंतीवर जायला सुरक्षेमुळे बंदी असते, हुज्जत घालू नका. खालच्या बागेच्या बाजूने भिंत चांगली दिसते. अंब्रेला धबधबा तिथेच. तो नैसर्गिक नाही, हे बऱ्याच जणांना जाऊन कळतं: भिंतीतल्या मोरीतून पाणी सोडलं तर ते गोल खडकावरून छत्रीसारखं पसरत पडतं, नाही सोडलं तर तिथे ओला खडक असतो. म्हणून ती विसर्गाची बातमी. चालू असला तर आईची खुर्ची इथे मांडा आणि तासभर हलू नका. माझ्या मते संपूर्ण सहलीतला हाच सगळ्यात सुखाचा तास.

इथलं पाणी जातं कुठे हेही सांगण्यासारखं आहे. खाली निळवंडे धरण, मग ओझरचा बंधारा, तिथून डावा-उजवा कालवा. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडचा ऊस या पाण्यावर उभा राहिला, आणि त्या उसावर 1950 च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना. ज्या डोंगरात पाणी पडतं त्या डोंगरात मात्र उन्हाळ्यात बायकांच्या डोक्यावर हंडे असतात. मे महिन्यात एकदा येऊन बघा.

फेरी: रतनवाडीकडून सुरू करा

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता साधारण 50 किलोमीटरचा आहे. ऐकायला तासाभराचा वाटतो. न थांबता अडीच-तीन तास धरा, कारण रस्ता एकपदरी, पावसात खड्ड्यांचा, आणि समोरून बस आली की शंभर पावलं मागे जावं लागतं. ज्याला उलटी गाडी घेता येत नाही त्याने इथे चालवू नये, हे मी आमच्या भाच्याला सांगितलं आणि तो अजून रागावलेला आहे.

बहुतेक गाड्या आधी घाटघरकडे जातात. तुम्ही उलटे जा: शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, पांजरे, मुरशेत, शेंडी. दोन फायदे. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर सकाळी रिकामं मिळतं, आणि घाटघरच्या कड्यावर दुपारी बाराच्या सुमाराला पोचता. सकाळी तिथे फक्त पांढरा पडदा असतो. दुपारी पाच-दहा मिनिटं तरी तो हलण्याची आशा असते.

अमृतेश्वर मंदिर घाई करण्याची जागा नाही. रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेच्या उगमाजवळ उभं असलेलं हे काळ्या दगडाचं मंदिर आपल्याकडे हेमाडपंती म्हणून ओळखलं जातं. बाहेरच्या भिंतीवरची नक्षी, खांबांवरची यक्षांची चित्रं नीट बघायला अर्धा तास लागतो. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली असते. मुलांना पायऱ्यांवर धरून ठेवा, दगड शेवाळलेले असतात. जवळची चौकोनी पुष्करणी चुकवू नका: तिच्या कोनाड्यांत मूर्ती बसवलेल्या आहेत. पाण्यात नाणी टाकू नका, इथे ती परंपरा नाही, कुणी तरी सुरू केली आहे.

साम्रदला सांधण दरी आहे. पावसाळ्यात ती ओढा असते, आत उतरायचंच नाही. कोरड्या दिवसांतही आत मोठमोठे धोंडे आणि कमरेएवढं पाणी. आजी आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर असताना आम्ही तोंडाशी उभं राहून बघतो आणि निघतो. आदल्या रात्रीच्या "सोडायच्या" यादीत ती पहिली असावी.

घाटघरला दोन गोष्टी. एक कोकणकडा: समोर एकदम जमीन संपते आणि खाली शहापूरकडचं कोकण. कठड्याच्या आत राहा. पाय बाहेर सोडून फोटो काढणारा एक तरी इसम तिथे असतोच, त्याच्याकडे मुलांना बघू देऊ नका. दुसरी, घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प. वर एक धरण, कड्याखाली चोंढ्याजवळ दुसरं. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात, मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी वर चढवतात. क्षमता 250 मेगावॅट. मुलांना मी दोन पेल्यांनी समजावलं: वर चढवायला जास्त वीज लागते, खाली येताना कमी मिळते, मग फायदा काय? मागणीच्या वेळी मिळालेली वीज महाग. थोरला म्हणाला, "म्हणजे कांदा चाळीत ठेवतात तसं." निफाडच्या आजोळाचा हा परिणाम.

परतीच्या वाटेवर पांजरे-मुरशेतच्या बाजूला रस्त्यालगत धबधबे लागतात. गाडी वळणावर उभी करू नका, पुढे सपाट जागा बघून तोंड रस्त्याकडे करून लावा. परत निघताना मागे-पुढे करावं लागत नाही, आणि पाऊस वाढला तर लगेच सुटता येतं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, घोट्याइतकं जरी असलं तरी, थांबा. गावातला माणूस पलीकडे चालत गेला म्हणून तुमची गाडी जाईल असं नाही. पाणी उतरायला तास लागला तर लागू दे.

पाण्यात उतरण्याबद्दल

इथे मी कडक आहे. जलाशयाचा काठ तलावासारखा हळूहळू खोल होत नाही. गाळाखाली जुनी शेतं, ताली, विहिरी आहेत, एक पाऊल गुडघ्यापर्यंत आणि दुसरं डोक्यावर. पोहता येणाऱ्यांनाही गाळ धरतो. धबधब्याखाली वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि डोंगरावर पाऊस वाढला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. सगळे एकमेकांना धरून उभे होते. पाणी मातकट झालं, काड्या-पाला येऊ लागला, आवाज बदलला की विचार न करता काठावर यायचं, चप्पल राहिली तर राहू दे.

भिजायचं तर रस्त्याकडेला घोट्याभर पाण्यात. नावेत बसायचं तर पावसाळा सोडून, लाइफ जॅकेट अंगावर बांधून, पायाखाली ठेवून नव्हे. नाववाला जास्त माणसं भरत असेल तर पुढच्या फेरीला जा.

जेवण, रंधा आणि परत

दीडच्या सुमाराला शेंडीत सांगितलेलं जेवण. गरम भाकरीचा ताटात पडणारा घास सोडून कुणी उठू नये म्हणून इथे सव्वा तास धरा. आई थोडी आडवी झाली तरी चालेल, खाणावळवाल्या बाईंनी आम्हाला एकदा आपणहून चटई आणि उशी दिली होती.

मग प्रश्न येतो रंधा धबधब्याचा. राजूर रस्त्यावर शेंडीपासून दहाएक किलोमीटर, प्रवरा जवळपास 170 फूट खोल कोसळते, शेजारी घोरपडा देवीचं मंदिर. पाणी भरपूर असेल तेव्हा रंध्याचा आवाज पोटात जाणवतो. पण वरच्या बंधाऱ्यातून पाणी वीजनिर्मितीकडे वळवलेलं असतं, त्यामुळे विसर्ग नसताना तिथे खडक आणि बारीक धार. पुन्हा तीच बातमी: विसर्ग असेल तर जा, नसेल तर आजी आणि मुलं जे म्हणतील ते. घड्याळात तीन वाजून गेले असतील तर विसर्ग असला तरी मी जात नाही.

चारला शेंडी सोडायची. बारीचा घाट उजेडात ओलांडला की बाकी रस्ता सोपा. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरला ठेवा, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर घोटीला चाकांना जळका वास येतो. घोटीला चहा, पुन्हा सगळ्यांना बाथरूम, आणि सहा-सव्वासहाला नाशिक.

वाटेत बारी-टाकेदच्या बाजूला बायका रस्त्याकडेला पावसाळ्यात रानभाज्या, मक्याची कणसं, मेमध्ये करवंदं घेऊन बसतात. दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, आपण सकाळी घोटीत चहाला किती दिले ते आठवा. आणि कचऱ्याची पिशवी घरी आणा, शेंडीच्या डब्यात टाकली की ती तिथेच राहते, पुढे न्यायला कुणी नसतं.

घरी पोचलात की दमलेले असलात तरी दोन कामं त्याच रात्री. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते पंख्याखाली ठेवा. आणि गाडीतल्या पायपुसण्या बाहेर काढून उभ्या करा, काचा बोटभर उघड्या. आम्ही एकदा तसंच झोपलो. पुढचे पंधरा दिवस ऑफिसला जाताना गाडीत ओल्या म्हशीचा वास होता.